फक्त ऐकायला आलेली

"थांबवा रे तो पखवाज! ही पोरगी इथं काऊन बसून राह्यली?"

भजनीबुवांचा आवाज असा, की ते नालवाडीत ओरडले तर पुलगावातल्या गाई बुजायच्या. भजन थांबलं. कोपऱ्यात मांडी घातलेली पोरगी शांतपणे म्हणाली, "मी फक्त ऐकायला आलेय, बुवा."

इथंच आमचा संशय पिकला. वर्ध्यात फक्त ऐकायला कोणी येतं का हो? इथं जो तो सांगायला येतो!

पोरगी नगरकडची, पाळक घडवणाऱ्या कॉलेजात शिकणारी. सहा महिने आमच्याकडच्या चर्चमध्ये काम शिकायचं आणि इतर धर्मांच्या लोकांत उठायचं-बसायचं, हा तिचा अभ्यास. चर्चच्या पाळकसाहेबांची अट एकच: ऐकायचं, विचारायचं, पण दुसऱ्यांच्या पूजेत भाग घ्यायचा नाही. अट मोडली की शिक्षण बंद, सरळ घरी. आणि खोली कुठं मिळाली? बुवांच्याच घरी! बुवा अल्लीपूरला लेकीकडे गेलते, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, देऊन टाकली.

समोरच माझं एसटीडी बूथ. रविवारी ती आईला फोन करायची तेव्हा माझे कान सुपाएवढे व्हायचे. "आई, इथली भाजी फार तिखट असते गं." ही खुणेची भाषा आहे, असं मी बुवांना लगेच कळवलं. शुक्रवारी ती शिंपीचाचांच्या ओट्यावर बसून रोज्यांविषयी विचारायची. तिच्या पाळतीवर सायकल हाणून हाणून माझी उंची दोन बोटं कमी झाली. एकदा तिनंच मला गाठलं. "दादा, दमलात. पाणी घ्या." मी हुंगून प्यालो.

"एक चूक करू दे," बुवा म्हणायचे, "तिच्या साहेबाले मीच सांगतो."

मग काकू दवाखान्यात पडल्या. पोरगी उशाशी. एका संध्याकाळी काकूंनी तापात भजन मागितलं, आणि बुवा नेमके मला घेऊन औषधं आणायला गेलेले. आम्ही परतलो तेव्हा ती बारीक आवाजात विठ्ठलाचं भजन म्हणत होती. काकूंचे ओठ हलत होते. बुवा दारातच थबकले. मी त्यांना कोपरानं ढोसलं: सापडली!

बातमी वॉर्डातून उडाली ती थेट चर्चवर बसली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब बुवांच्या ओट्यावर हजर. "बुवा, तुम्ही तिथं होतात. भजन कोण म्हणत होतं?"

बुवांनी सुपारी कातरली. म्हणाले, "मी."

पाळकसाहेबांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छपराकडे बघितलं. ते स्कूटरला किक मारून निघून गेले. पोरीनं स्वतः त्यांना काय सांगितलं, ते मला आजवर कळलेलं नाही, आणि ते मला अजून खुपतं. पण तिचे सहा महिने पुरे झाले एवढं खरं. काकूंना मिठी मारून ती एसटीत बसली, आणि खोलीला कुलूप लागलं.

तेव्हा कुठं मी विचारलं, "बुवा, खरं सांगा. मी तर तुमच्यासंगं दारातच होतो, बाईचा आवाज होता!"

"सर्दी झालती मले."