काडीवाल्या बाई

बाईंच्या एप्रनच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, लाकडी काड्या मात्र हमखास. विक्रोळीच्या आमच्या लहानशा रक्ततपासणी लॅबमधल्या त्या सगळ्यांत जुन्या; रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी यंत्रात जाण्याआधी बाई तीत काडी फिरवून बघत. काडीला लिबलिबीत धागा चिकटून आला, की रक्त आत साखळलं म्हणायचं. मग यंत्र काही म्हणो, बाई रिपोर्ट सोडायच्या नाहीत. आम्ही पाठीमागे त्यांना काडीवाल्या बाई म्हणायचो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी दम भरत. "नळीत रक्त न गोठायचं औषध असतं, पण ते आपणहून मिसळत नाय. भरली की आधी उलटी-सुलटी कर. आठ वेळा, हळू. मग कापूस, मग गप्पा. रगत कोनाची वाट बघत नाय गो!" कुणी नळी खसाखसा हलवली, की ओरडायच्या, "सरबत करतेस काय?"

मी नेमक्या गप्पाच आधी मारल्या. जवळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मासळी विकणारी एक मावशी तापाने फणफणली होती. रक्त काढलं, नळी गादीवर ठेवली आणि ताजी सुरमई कशी ओळखायची ते ऐकत बसले. यंत्राने प्लेटलेट इतक्या कमी दाखवल्या, की तिला तडक ॲडमिट करायची वेळ. बाईंनी काडी फिरवली. ही एवढी गुठळी! प्लेटलेट तिच्यात अडकलेल्या, यंत्र मोजणार काय?

"फोन करून सांगते, सॅम्पल खराब झालं म्हणून," मी म्हटलं.

बाई भडकल्या. "खराब? ती बिचारी आपल्याच रक्ताला घाबरून बसेल. चपला घाल आणि जा. तोंडावर सांग, चूक माझी, रक्त परत द्या."

मला रडू येत होतं, तरी गेले. मावशीने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "बरफ टाकाया उशीर झाला त दोष माझा, दर्याचा नाय. घे." दुसऱ्या नळीतला आकडा ठीक निघाला.

पुढे बाईंनाच कॅन्सर झाला. औषधाचा पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा, हे रक्ताच्या आकड्यावर ठरणार होतं. रक्त काढायला मीच गेले. शिरा पार आटलेल्या, रक्त थेंब थेंब येत होतं. नळी आठ वेळा उलटी-सुलटी केली, तरी लॅबमध्ये काडीला धागा आला.

"त्यांच्या शिराच नाहीत, तू काय करणार?" सगळे म्हणाले. मी चपला घातल्या.

"बाई, चूक माझी. रक्त परत द्या."

"काय चुकलं?"

"इतकं हळू येत होतं, तेव्हाच सुई काढून दुसरी शीर धरायला हवी होती. तुम्हाला परत टोचवेना."

"आता टोचवेल?"

"हो."

बाईंनी दुसऱ्या हाताची बाही वर केली. मी नळी उलटी-सुलटी करताना त्या डोळे मिटून पुटपुटत मोजत होत्या. आकडा पुरेसा आला, डोस झाला. त्याच्या पुढच्या डोसाआधी बाई गेल्या. मला त्यांची आठवण रोज येते, अगदी रोज.

काड्या आता माझ्या खिशात असतात. परवा लॅबमधल्या एकीने पेशंटला फोन लावला आणि म्हणाली, "तुमचं सॅम्पल जरा खराब..." मी तिच्या हातातून फोन घेतला. "येतोय आम्ही," एवढंच बोलून ठेवला आणि तिला म्हटलं, "चपला घाल."