सुई की गोळ्या

स्पिरिटचा वास आला की दुर्गचा तो दवाखाना आठवतो. आम्ही चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि तिथल्याच एका फिटरच्या घरून माझ्या थोरल्या बहिणीसाठी निरोप आला होता, पोरगी पसंत आहे, पण जाड आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवायला दर आठवड्याला इथे येऊन सुई घ्या, नाहीतर घरी रोज एक गोळी. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. "मले सुईचं भेव वाटते. तू सांग, काय घेऊ?" मी दहा वर्षांची होते. म्हटलं, "गोळ्या घे ना बाई, दुखत नाही." लवकर बारीक व्हावं म्हणून ती तीन-तीन गोळ्या घेऊ लागली. जेवण सुटलं, झोप उडाली, छाती धडधडायची. "आईले सांगू नको," म्हणायची. मी सांगितलं नाही. लग्न ठरलं त्याच आठवड्यात ती नळावर पाणी भरताना कोसळली आणि पुन्हा उठली नाही. "माह्या पोरीले नजर लागली," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. मी शेजारी बसून ऐकून घ्यायचे. खरं काय ते आज, म्हातारपणी, पहिल्यांदाच लिहिते आहे.