शांतवनकाकांची साक्ष

आम्ही डबे उघडले की शांतवनकाका माणसं जाळायला सुरुवात करायचे. आखातातल्या मुसफ्फाच्या बांधकाम साइटवर दुपारच्या सुट्टीत भिंतीला टेकून ते शांतपणे सांगत, "लाकडं ओली होती. जाळ वर चढेना. पाय आधी जळून गेले, आणि बाई अजून जिवंत. स्तोत्र म्हणतेय." कुणीतरी हातातला घास खाली ठेवायचं.

काका स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे पाइप-फळ्यांच्या परांचीचे, फोरमन होते. साठीला टेकलेले, नगरकडचे ख्रिस्ती. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचो. पाचशे वर्षांपूर्वी स्वतःच्या भाषेत बायबल वाचलं म्हणून युरोपात ज्यांना खांबाला बांधून जाळलं, त्या पहिल्या प्रॉटेस्टंट लोकांच्या हकिकती काकांचे आजोबा दर रविवारी उपासनेनंतर घरी वाचून दाखवत. त्या काकांना तोंडपाठ होत्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, जेवताना तरी नको."

"अरे, त्या लोकांनी संतांच्या तसबिरी काढून टाकल्या. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं सोडलं. मग गेलेल्या माणसासाठी करायचं राहिलं काय? तो कसा मेला ते खरं सांगायचं. त्यातलं एक लाकूड जरी वगळलं, तरी ती लबाडी."

मला ते वेड वाटायचं. मग महेश गेला.

चौथ्या मजल्याच्या उंचीवर परांचीच्या पाइपांचा एक सांधा सुटला. फळी कलली आणि दिलबहादूर हा नेपाळी कामगार एका हाताने पाइपला लोंबकळला. जवळच रत्नागिरीकडचा महेश होता. त्याने सेफ्टी बेल्ट लावलेला होता, पण बेल्टची दोरी तिथवर पोचेना. त्याने हुक काढला, दिलबहादूरला ओढून पक्क्या फळीवर ढकललं, आणि तेवढ्यात बाकीचं सगळं त्याच्यासकट कोसळलं. मी धावत गेलो तेव्हा एक पाइप महेशच्या पोटातून आरपार गेला होता. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो ओरडत होता. मग ओरडणंही थांबलं आणि ओठांवर नुसता रक्ताचा बुडबुडा येत-जात राहिला. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तोही थांबला होता.

सुपरवायझरने रिपोर्टमध्ये लिहिलं, कामगाराने बेल्ट लावला नव्हता. म्हणजे दोष महेशचाच.

रविवारी कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये शोकसभा झाली. फोटो, हार, उदबत्त्या. महेशचा थोरला भाऊ विलास शारजाहून आला होता. सगळ्यांनी रांगेने फुलं वाहिली. काका नुसते उभे राहिले.

"काका, फूल वाहा की," विलास म्हणाला.

"आमच्यात फोटोला वाहत नाहीत, बाळा."

विलासने टेबलावरचा स्टीलचा जग उचलून काकांच्या तोंडावर हाणला. काका पडले. तो त्यांच्या छातीवर बसून ठोसे मारत सुटला. "माझा भाऊ तुझ्या हाताखाली मेला! आणि एक फूल जड झालं तुला?" चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं.

काका भिंत धरून उठले. तुटलेला दात तळहातावर थुंकले. मग विलासकडे बघत म्हणाले, "महेशने बेल्ट लावला होता."

दारातून सुपरवायझर ओरडला, "शांतवन, खलास! बैठ जाओ!"

काका बसले नाहीत. तोंडातून रक्त गळत असताना त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. सुटलेला सांधा, काढलेला हुक, पोटातला पाइप. "दोनदा विचारलं त्याने, दिलू वाचला का? मी हो म्हटलं. मग आईला हाका मारल्या. फार तळमळला. मी बघितलंय."

मागून दिलबहादूर उठला. "सच है," एवढंच म्हणाला. विलास हंबरडा फोडून रडला.

दोघांनी पोलिसांपुढेही तेच सांगितलं. रिपोर्ट बदलावा लागला. महिन्याभरात काकांना नोकरीवरून काढलं.

"गप्प बसला असतात तर?" निघताना मी विचारलं.

"तर त्याच्या पोटातला दुसरा पाइप माझा असता."

ते स्वतःच्या घरी न जाता थेट रत्नागिरीला महेशच्या आईकडे गेले. पुढचं विलासने मला फोनवर सांगितलं. महेशला काहीच कळलं नाही, जागच्या जागी गेला, असं घरच्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. तिने काकांना विचारलं, "दुखलं का हो त्याला?"

"हो बाई. फार दुखलं," काका म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

ती न रडता ऐकत राहिली. मग उठली, शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावून आणलं, त्यांना ओटीवर बसवलं आणि काकांना म्हणाली, "आता ह्यांच्यापुढं सांगा."