दार लावून ऐकलेले निकाल

कोकणातली लोकसभेची एक जागा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी जिंकल्याचं रेडिओवर ऐकलं आणि मी, लालबागच्या चाळीतला चांगला पोक्त बाप, भर दुपारी गॅलरीतच फटाक्यांची माळ लावली.

शेजारचे मालवणी काका सकाळपासून आमच्या रेडिओपाशी होते, पण भिंतीला पाठ टेकून. आंदोलनात पोलिसांची एक गोळी आमच्या मजल्यावर येऊन आदळली, तेव्हापासून ते कठड्याशी म्हणून कधी उभे राहिले नाहीत. सातारा आला, पुणं आलं, दर विजयाला त्यांचं एकच, "बरां झालां. आता दार लावन घेवा." मी हसायचो.

माळ तडतडली तशी त्यांनी झेप घेतली. आमच्या बेबीला जमिनीवर पालथं घातलं आणि स्वतः तिच्यावर आडवे झाले. आवाज थांबला तरी उठेनात. "हलू नको गो बाय," ते तिला बजावत होते, "परत सुरू करतले ते."

तिला त्यांच्याखालून सोडवलं आणि मी आपणहून दार लावून घेतलं.

बायको नंतर एवढंच म्हणाली, "संध्याकाळी मिरवणूक निघेल, पोलीसही येतील. बेबीला मी काकांच्याच खोलीत बसवणार आहे. तुम्हीही तिथेच बसा."