काकांनी घडवलेला भीतीचा हॉल

माणसं जिथं जमतात त्या जागा पुठ्ठ्यात उभ्या करायच्या आणि त्या दाखवून माणसांनाच घाबरवायचं, हा छंद शहापूर-मुरबाडच्या अख्ख्या पट्ट्यात फक्त आमच्या मावशीच्या यजमानांनाच सुचू शकतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. उभा जन्म त्यांनी गणपतीची मखरं केली. थर्माकोल बंद झालं तेव्हा ते पुठ्ठ्यावर आले आणि देवाला सोडून गावाच्या मागे लागले. त्यांच्या एसटी स्टँडात सगळे बाक भिंतीकडे तोंड करून आहेत. "कोन कोनाकडं बघतो हल्ली? मग भिंत तरी बघा!" त्यांच्या दवाखान्यात बसायच्या खोलीला आत यायला दार आहे, बाहेर पडायला नाही. हे सगळं मांडलंय मावशीच्या तांदळाच्या पिंपांवर. "तांदूळ काढायचा तर आधी दवाखाना उचलायचा, मग स्टँड. भात कवा शिजायचा?" असं ती मला विचारते, जणू स्टँड मीच बांधलाय. मी कौतुकानं हात लावायला गेलो की काका ओरडतात, "तू लांबून बघ!" त्यांचं बरोबरच आहे, वहीला कव्हर घालतानाही माझी बोटं वहीला चिकटतात.

गेल्या साली पंचायतीनं पिंपळाखालचा पार पाडून तिथं हॉल बांधायचं काढलं, तेव्हा मात्र काकांची झोप उडाली. संध्याकाळी ते आणि त्यांचे दोस्त त्या पारावर बसत. दुसरीकडे कुठं त्यांना एवढं बोलता येत असेल असं मला वाटत नाही. "ग्रामसभेला असा हॉल दाखवतो, की लोक बोलतील पारच बरा," म्हणाले आणि कामाला लागले. जाळीच्या खिडक्या, दाराला भलंमोठं कुलूप, बसायला एक खुर्ची नाही, आणि छत इतकं उंच की आपलाच आवाज आपल्या अंगावर यावा.

सभेत त्यांनी वरचं फडकं काढलं आणि सगळे माना पुढं काढून बघायला लागले. काका माझ्याकडे बघून डोळा मारणार, तेवढ्यात सरपंचबाई म्हणाल्या, "अगो बाय, काय सुंदर!" खिडक्यांची जाळी मखरासारखी कोरलेली, छताला सोनेरी नक्षी, कुलपावरसुद्धा कमळ!

"काका, कुलूप पन आसंच पायजे आमाला," मागून कुणीतरी म्हणालं.

"आरं, भ्या वाटाय केलंय ह्ये!" काका ओरडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. हॉल मंजूर झाला.

आता पार नाही. हॉलला बहुतेक वेळा कुलूपच असतं, म्हणून काका आणि दोस्त रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसतात. मागच्या रविवारी मीही बसलो. "वाईटच करायचं ठरवलं व्हतं रे," काका हळूच म्हणाले, "पन हाताला जमत नाय." शेजारच्या दोस्तानं हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तो काहीतरी सांगायला लागला, तोच खडीचा डंपर आला. सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम पाय वर घेतले. डंपर गेला, धूळ खाली बसली, आणि बोलणं कुठवर आलं होतं ते कुणालाच आठवेना.