पाय माझा हाय

लहानपणी तापात माझे कान गेले. कानातलं मशीन लावलं की थोडंफार ऐकू येतं, बाकीचं मी ओठांवरून वाचते. माझ्याच वयाची चुलतबहीण आमच्याच अंगणात वाढली, आणि लोकांनी आम्हा दोघींना कायम शेजारी उभं करून मापलं. आम्ही दोघी बारावी पास झालो तेव्हा पेढा हातात घेऊन काकी, म्हणजे तिची आई, म्हणाली, हिनं केलं तेवढंच खूप, बिचारी. दापोड्याच्या आमच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. बहिणीला तिथल्या ऑफिसात फोनवर बसवलं, मला मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर.

मग मानकोलीच्या रस्त्याला जिम निघाली. सकाळी बायकांची वेळ होती, दोघींनी नाव घातलं. घामाने मशीन बिघडतं म्हणून मी ते काढून डबीत ठेवायचे. आत बघते तर प्रत्येकीच्या कानात इअरफोन. कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी एका खोलीत चारचौघींसारखी होते. तिथे एकच गोष्ट बघितली जायची, कोण किती पळतं. आणि त्यात मी मागे नव्हते.

बहीण शेजारच्या ट्रेडमिलवर असायची. तिने वेग वाढवला की मी वाढवायचे. ती उतरल्याशिवाय मी उतरत नसे. पुढे पुढे मी ड्युटी संपल्यावरही जाऊ लागले. ताप असला तरी गेले, साखरपुड्यातून उठून गेले. एखादा दिवस चुकला की अंगावर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, जेवण जायचं नाही. नडगी दुखायला लागली तेव्हा तिला पट्टी बांधली आणि पळत राहिले.

त्या दिवसांत जिमवाल्याने दारात माझा फोटो लावला. खाली लिहिलं होतं, ‘ही ऐकू शकत नाही, तरी थांबत नाही. मग तुम्ही का थांबता?’ आई खूश झाली. मला मात्र पेढ्याच्या दिवसाची चव आठवली. मी त्याला सांगितलं, फोटो काढ. तो हसला, म्हणाला, अरे, लोगों को प्रेरणा मिलती है.

त्याच आठवड्यात धावताना पाय खाली टेकेना. एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाला बारीक तडा दिसला. डॉक्टर माझा पाय हातात धरून आईशी बोलत होते. मान वळलेली, ओठ दिसत नव्हते. आई नुसती मान हलवत होती. मी टेबलावर हात आपटला.

“माझ्याकडे बघून बोला,” मी म्हटलं. “पाय माझा हाय.”

 डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवून सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. पळणं बंद, आणि प्लास्टर. हाड आधीपासून दुखत असणार, तरी का पळत राहिलात, असंही त्यांनी विचारलं. 

घरी जो तो येऊन सांगू लागला की ऐकू न येणाऱ्या पोरीने घरात बसावं. बहीण आली ती दार लोटूनच. माझ्यासमोर, उजेडात बसली, म्हणजे मला ओठ दिसतील. म्हणाली, तिची पाळी कित्येक महिने आली नव्हती. माझ्यासारखीच तीही संध्याकाळी दुसऱ्या जिमला जात होती, घरी न सांगता, जेवणही टाळून. मी उतरत नाही म्हणून ती उतरत नव्हती.

मी म्हटलं, तुला काय कमी आहे? तुला तर सगळं ऐकू येतं.

“तेच तर,” ती म्हणाली. “तुला मशीन काढता येतं. माझ्या अंगावरून बायका काय बोलतात, ते मला रोज ऐकावं लागतं.”

मला तिचा हेवा वाटत होता, तिला माझा. मी तिचा हात धरला आणि दोघी रडलो. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत बाईडॉक्टरकडे गेले, कुबडी घेऊन.

प्लास्टर निघाल्यावर सगळ्यांना वाटलं, मी जिम सोडणार. सोडली नाही. पहिल्याच दिवशी दारातला फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. जिमवाला बघत राहिला. आता आम्ही दोघी जातो, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करतो, वेगवेगळ्या वेळी. सोपं नाही. अजूनही उतरताना पाय पट्ट्यावरच राहू बघतात. तरी मी उतरते.

परवा भावाच्या हळदीत बहीण पोटभर जेवत होती. माझ्या कानामागे मशीन नाही बघून, समोर बसलेली काकी शेजारणीला म्हणाली, जिम कमी केली तशी ही सुटलीय, आणि ती बहिरी तर आता कुबड्यांवरच बोहल्यावर चढायची.

“काकी,” मी म्हटलं, “ओठ वाचते मी. ती जेवतेय, जेवू दे. आणि माझ्या लग्नात माझ्याबरोबर नाचायची तयारी ठेव.”

मांडवातल्या बायका वळून बघू लागल्या. बहिणीने भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि आधी मला वाढलं.