दंडारीला कोणता एन्कोडर?

समितीत चार माणसे महिनाभर बसली की निर्णय एकही जमत नाही. किस्से मात्र न मागता साठत जातात. पुढचे किस्से मला कटरेभाऊंनी सांगितले. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या चहाला, गोंदियातल्या आमच्या लोककला मंडळाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत. कटरेभाऊ मंडळाचे साउंडवाले. मी नुकताच इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झालेला, समितीचा ‘तांत्रिक सदस्य’. ज्या प्रसंगांना मी स्वतः हजर होतो, तिथे तसे सांगेन.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. केशोरीचे सोमाजीबाबा यांची दंडार, म्हणजे आमच्याकडचा गाण्यानाचाचा खेळ, मंडळाने तीन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केली. त्यानंतर बाबांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि गाणे थांबले. आवाज उरला तो एका हार्डडिस्कवर. ही डिस्क अध्यक्ष नंदलालजींच्या राइस मिलच्या सीसीटीव्हीची, उसनी आणलेली. ती महिनाअखेर पुसून परत द्यायची होती. तेव्हा सगळ्याची एमपीथ्री करून ठेवायची, एवढे ठरले. मूळ रेकॉर्डिंग पुसले की जी एमपीथ्री उरेल, तोच बाबांचा आवाज.

नवी डिस्क घ्यावी, असे मी दोनदा सुचवले. इतिवृत्तात दोन्ही वेळा ‘चर्चा झाली’ अशी नोंद आहे.

\*

एमपीथ्री बनवणारे प्रोग्राम, म्हणजे एन्कोडर, चार होते. फाईल एकाच प्रकारची बनते, मग चार कशाला, असे नंदलालजींनी पहिल्याच बैठकीत विचारले. मी त्या बैठकीला नव्हतो. कटरेभाऊंनी उत्तर दिले, “शेठजी, धान एकच राहते. पण कोंड्यासंगं काय फेकाचं, ते ज्या त्या मिलवर हाये. कानाले ऐकू येत नाही म्हणून एन्कोडर आवाजाचा जो भाग फेकते, तो चौघांचा येगयेगळा.”

अध्यक्ष मिलमालक असल्याने त्यांना हे तत्काळ पटले.

“तो जिसमें चावल का टुकड़ा कम निकले वो लगाओ ना! इसमें मीटिंग क्या?”

त्यानंतर पाच बैठका झाल्या.

\*

दुसऱ्या बैठकीला मी होतो. एकच गाणे चारही एन्कोडरांतून काढले आणि फाईलींना अ, ब, क, ड अशी नावे दिली, म्हणजे कोणती कोणाची हे ऐकणाऱ्याला कळू नये. पहिल्यांदा लावलेली ‘ब’ सुरू होताच नंदलालजी म्हणाले, “वाह!” सगळे हात ‘ब’साठी वर गेले. अ, क आणि ड अजून वाजायच्या होत्या!

मी गुप्त मतदानाचा आग्रह धरला. सचिव बिसेन सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सूचना मनापासून स्वीकारली. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, खोका आला, खोक्याला कुलूपही आले.

“मतदान पूर्णपणे गुप्त राहील,” सर म्हणाले. “फक्त प्रत्येकाने चिठ्ठीवर स्वतःचे नाव आणि सही करावी. रेकॉर्डसाठी.”

\*

तिसऱ्या बैठकीसाठी बिसेन सरांनी घरी ऐकून दीड पान अभिप्राय लिहून आणला. ‘अ’मध्ये मातीचा गंध असून ‘क’मध्ये सिमेंटचा रस्ता झाल्यासारखे वाटते, असा त्याचा सारांश होता. वाचन संपल्यावर कटरेभाऊ चाचरत म्हणाले, “सर, पेनड्राइव्हमध्ये माह्याकडून गडबड झाली. अ आन क एकच फाईल हाये. दोनदा कॉपी झाली.”

सरांनी चष्मा पुसला.

“एकाच फाईलमध्ये एवढा फरक? मग चार फाईलींत तो किती असेल, याचा समितीने गांभीर्याने विचार करावा!”

\*

हे सारे ऐकणे ब्लूटूथ स्पीकरवर चालले होते. तो स्पीकर आलेला आवाज स्वतःच पुन्हा दाबून त्यातला काही भाग फेकतो, हे मी लेखी कळवले. पुढच्या बैठकीला तारेचा हेडफोन आला. एकच. मी त्या दिवशी नव्हतो. दोन ज्येष्ठांपैकी आधी कोणी ऐकायचे हा पेच पडला, तेव्हा तो मधोमध धरून डावा कान नंदलालजींना आणि उजवा बिसेन सरांना देण्यात आला.

“ढोलकी कहाँ है? खा गया तुम्हारा एन्कोडर!”

“अहो, ढोलकीशिवाय दुसरं ऐकूच येत नाही!”

रेकॉर्डिंगच्या वेळी ढोलकीवाला उजव्या बाजूला बसला होता. हे कटरेभाऊंनी अर्ध्या तासानंतर सांगितले.

“लवकर काऊन नाही सांगितलं?” किस्सा ऐकताना मी विचारले.

“दोघंही जिंकून राहिले होते, सर. कायले बोलू?”

\*

शेवटच्या बैठकीला मी होतो. डिस्क परत द्यायला दोन दिवस उरले होते. कटरेभाऊंच्या सांगण्यावरून सोमाजीबाबांनाच केशोरीहून बोलावले. सोबत त्यांची मुलगी शेवंताताई. क्रम मी नाणे उडवून ठरवला, आणि चार एमपीथ्रींत मूळ रेकॉर्डिंगही मिसळले. कटरेभाऊंना क्रम ठाऊक नव्हता, आणि माझ्या चेहऱ्यावरून खूण मिळू नये म्हणून मी बाबांकडे पाठ करून बसलो होतो.

बाबांनी हेडफोन लावून डोळे मिटले. पहिली फाईल संपली.

“मनिराम कुठी गेला?” घोगऱ्या आवाजात ते म्हणाले.

मनिराम म्हणजे त्यांचा झांजवाला. रेकॉर्डिंगनंतर वर्षभरात वारला.

दुसरी फाईल. “हाये, पण पाण्यात उभा हाये.”

तिसरी. बाबा काहीच बोलले नाहीत. मी वळून पाहिले, तर त्यांचा अंगठा गुडघ्यावर ठेका धरत होता.

“आला,” ते म्हणाले. “आता याले जाऊ नोका देऊ.”

तिसरी फाईल मूळ रेकॉर्डिंगची होती. क्रम बदलून मी आणखी दोन फेऱ्या घेतल्या. दोन्ही वेळा अंगठा मूळ रेकॉर्डिंगलाच हलला. आम्ही महिनाभर बाबांचा आवाज तपासत होतो; बाबांनी तो एकदाही तपासला नाही, ते मनिरामची झांज शोधत होते.

नंदलालजींनी डिस्कवर हात ठेवला. मग म्हणाले, “डिस्क यहीं रहेगी. मिल का कैमरा बंद रहने दो.” इतिवृत्तात प्रथमच ‘निर्णय झाला’ असे लिहिले गेले.

पुढचा भाग मी पाहिला नाही. तो कटरेभाऊंनी सांगितला. बाबांना ऑटोत बसवून शेवंताताई कटरेभाऊंजवळ आली.

“भाऊ, इथं कानाच्या मशीनचं दुकान कुठी हाये? बाबाच्या मशीनचा सेल संपला. कालपासून त्यायले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं.”

माझ्या टिपणात बाकी सर्व गोष्टींपुढे ‘खात्रीशीर’ अशी खूण आहे. सेल नेमका केव्हा संपला, एवढे मात्र मला आजपर्यंत पडताळता आलेले नाही.